दोन नांगर

हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलाला 'नांगर' म्हणजे काय, असे विचारले, तर तो क्षणाचाही विलंब न लावता गोठ्याकडे किंवा ट्रॅक्टरकडे बोट दाखवील. जमीन फोडून ढेकळे वर काढणारे अवजार म्हणजे नांगर, हे त्याला चालता येऊ लागल्यापासून ठाऊक असते. परंतु हाच प्रश्न हर्णै किंवा मालवण येथील खलाशाच्या मुलाला विचारला, तर तो समुद्राकडे पाहील. त्याच्या घरी नांगर म्हणजे पाण्याच्या तळाशी रुतून नौकेला एका जागी धरून ठेवणारा लोखंडी आकडा. एकाचा नांगर चालतो तेव्हा घर चालते. दुसऱ्याचा नांगर रुतून बसतो तेव्हा घर वाचते.

हे दोन शब्द मुळात एक नव्हेत. शेतातला नांगर संस्कृतातील 'लांगल' या शब्दापासून आला, तर समुद्रावरचा नांगर फारसीतील 'लंगर' या शब्दापासून आला. निरनिराळ्या वाटांनी आलेले हे दोन पाहुणे मराठीच्या ओसरीवर येऊन बसले आणि दिसण्यात अगदी जुळ्या भावांसारखे झाले.

हिंगोलीपासून अरबी समुद्राचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर आहे. कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या भागांतील मुलांना पाणी ठाऊक असते ते विहिरीचे, कयाधू नदीच्या पुराचे किंवा सिद्धेश्वर धरणाच्या जलाशयाचे. तरीही समुद्रावरचे शब्द त्यांच्या बोलण्यात सहज येऊन जातात. घरचा कारभार ज्याच्याकडे असतो, त्याच्या हाती घराचे सुकाणू आहे, असे आपण म्हणतो. एखादे अवघड काम पूर्ण झाले म्हणजे ते तडीस गेले, असे म्हणतो. तड म्हणजे काठ. हे शब्द प्रथम ज्यांच्या जिवाशी जोडलेले होते, त्या माणसांची, आणि विशेषेकरून त्यांच्या मुलांची, ही हकीकत आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर कोळी, खारवी, गाबीत, भंडारी, दालदी अशा अनेक समाजांतील कुटुंबे पिढ्यान् पिढ्या समुद्रावर जगत आली. आगबोटी आणि मोटारी येण्यापूर्वी, आणि त्या आल्यानंतरही पुष्कळ वर्षे, कोकणातील मालाची ने-आण मुख्यतः शिडाच्या लाकडी नौकांतूनच होत असे. या नौकांना त्यांच्या आकाराप्रमाणे आणि कामाप्रमाणे होडी, मचवा, पडाव, गलबत, शिबाड अशी नावे होती. मराठ्यांच्या आरमारात गलबते होती, तशाच तोफा वाहणाऱ्या मोठ्या गुराबाही होत्या. कान्होजी आंग्रे यांनी १७२९ साली मृत्यू येईपर्यंत अशाच नौकांच्या बळावर कोकणचा किनारा राखला. पुढे आरमारे गेली, तोफा गेल्या. पण नारळ, मीठ, कौले, जळाऊ लाकूड आणि आंब्याच्या करंड्या वाहणारी गलबते मात्र खाड्यांतून ये-जा करीतच राहिली.

चांगले गलबत बांधावयाचे, तर लाकूड सागवानाचे हवे. सागाच्या अंगी एक प्रकारचे तेल असते. त्यामुळे ते पाण्यात लवकर कुजत नाही आणि लाकूड पोखरणारे समुद्रातील कीटकही त्याला सहसा दाद लागू देत नाहीत. सागवान किती टिकते, याची साक्ष इंग्लंडात आजही पाहावयास मिळते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी १८१७ साली बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज दोनशे वर्षांनंतरही हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे.

कोकणातील सुतार नौका बांधताना कागदावर नकाशा क्वचितच काढीत. तळाचे मुख्य लाकूड आधी बसवीत, त्याला माशाच्या काट्यांप्रमाणे वाकडी लाकडे जोडीत आणि त्यांवर फळ्या ठोकीत. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून भरीत व वर राळ लावीत. लाकडाला तेल पाजीत. नंतर उंच डोलकाठी उभी राही. तिच्यावर एक लांब लाकूड तिरके चढविले जाई आणि त्या तिरक्या लाकडाला जाड सुती कापडाचे मोठे शीड बांधलेले असे. असे गलबत उभे करण्यास पुष्कळ पैसा लागे. म्हणून ते बहुधा एकट्याचे नसे; भावाभावांचे किंवा आप्तांचे मिळून असे. शेतकऱ्याच्या घरी जमिनीचे जे स्थान, तेच या घरांत गलबताचे होते. त्याला देवतेचे नाव देत, सणावारी हार घालीत आणि त्याला पाय लागला तर हात जोडीत.

अशा घरातील मुलाचे बालपण वाळूवर सुरू होई. नारळाच्या पोयीची होडी करून ती ओहोटीच्या डबक्यात सोडणे हा त्याचा पहिला खेळ. नारळीपौर्णिमेला घरातील वडील माणसे समुद्राला नारळ अर्पण करीत. त्यानंतर नौका पाण्यात लोटण्याची वेळ येई. मुलगा दहा-अकरा वर्षांचा झाला, म्हणजे एखाद्या वर्षी त्यालाही वडिलांबरोबर सफरीवर जाण्याची आज्ञा मिळे. आई त्याच्या गाठोड्यात पोहे, गूळ आणि एक घोंगडी बांधून देई. मुली सफरीवर सहसा जात नसत. परंतु खाडीतून होडी वल्हवण्यात त्याही तरबेज असत. गलबत वळणाआड जाईपर्यंत बहिणी बंदरावर उभ्या राहत आणि मुलगा आपले डोळे भरून आलेले दिसू नयेत म्हणून शिडाकडे पाहत राही.

गलबतावर पाऊल ठेवताच घरातील लाडका मुलगा सर्वांत धाकटा खलाशी होई. तेथे वडील हे केवळ वडील नसत. ते तांडेल असत, म्हणजे नौकेचे प्रमुख. त्यांचा शब्द पहिल्याच हाकेला ऐकावयाचा, हा पहिला धडा. लाडाने दोनदा हाक मारण्यास समुद्रावर वेळ नसतो. मुलाला आरंभी मिळे ते काम चुलीचे. लाकडी पेटीत माती लिंपून केलेल्या चुलीवर भात शिजवावयाचा, निखारा उडून शिडावर जाणार नाही याची काळजी घ्यावयाची आणि गोड्या पाण्याच्या पिंपावर नजर ठेवावयाची. सभोवार दृष्टी पोहोचेल तेथवर पाणीच पाणी. पण त्यातील एक थेंबही पिण्याच्या उपयोगाचा नाही! भांडी समुद्राच्या पाण्याने घासावयाची, अंगही त्यानेच धुवावयाचे आणि पिंपातील पाणी मात्र मोजून वाटावयाचे. उन्हाळ्यात दूरच्या विहिरीवरून घागर आणणाऱ्या मराठवाड्यातील मुलांना पाण्याची ही किंमत समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरा धडा वाऱ्याचा असे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून वारा वाहू लागतो. तो खारा वारा होय. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई वारा होय. शाळेतील मुले हे भूगोलाच्या पुस्तकात वाचतात. गलबतावरील मुलाला ते गालावर कळत असे. पहाटे मतलई वारा सुटला आणि ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर जाऊ लागले, म्हणजे नांगर उचलावयाचा. त्या दोहोंच्या साहाय्याने गलबत अलगद बाहेर पडे. दुपारी खारा वारा शिडात भरे आणि गलबत किनारा धरून धावू लागे. सायंकाळी भरतीचे पाणी आत शिरू लागले, की त्याच्याबरोबर एखाद्या खाडीत शिरून पुन्हा नांगर टाकावयाचा. निसर्गाशी झुंज घेण्यापेक्षा त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा ओळखून चालणे, यातच खरी चतुराई होती.

परंतु भरती केव्हा येणार, हे घड्याळावाचून कसे ओळखावे? त्यासाठी या लोकांजवळ एक सोपे गणित होते. चालू तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्याच्या आसपास भरती पूर्ण होते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणून सुमारे सहा वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर सुमारे तीन वाजता. हे गणित मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर ढोबळ मानाने जुळते. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि त्याचे कारण चंद्र आहे, हे विज्ञान सांगते. ज्याने शाळेची पायरी क्वचितच चढली होती, असा मुलगाही बोटांवर तिथी मोजून भरतीची वेळ सांगे. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती मोठी येते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराची लहान भरती ती भांगाची, हेही त्याला पाठ असे.

तिसरा धडा तळाचा. समुद्राचा तळ डोळ्यांना दिसत नाही. पण तो हाताला कळू शकतो. लांब दोरीला शिशाचे वजन बांधून ते पाण्यात सोडीत. दोरी किती खाली गेली, यावरून पाण्याची खोली समजे. वजनाच्या बुडाला चरबी किंवा मेण लावलेले असे. त्याला तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा चिकटून वर येई. तो चिकटलेला कण बोटांवर चोळून तांडेल सांगे, की आपण खाडीच्या तोंडाशी आहो की खडकांच्या जवळ आहो. हिंगोलीचा अनुभवी शेतकरी मातीचे ढेकूळ हातात घेऊन ते कोणत्या शेताचे आहे, हे सांगतो. तांडेलही तसाच आपल्या पाण्याखालच्या जमिनीला ओळखत असे.

आणि मग एखाद्या रात्री तो क्षण येई, ज्याची आठवण पुढे म्हातारपणीही पुसली जात नसे. वारा मंद असे, समुद्र शांत असे, मोठी माणसे दिवसभराच्या श्रमाने दमलेली असत. वडील मुलाला जवळ बोलावीत आणि सुकाणूचा दांडा त्याच्या हाती देत.

"पोरा, त्या ताऱ्यावर नजर ठेव. तो डोलकाठीच्या डाव्या अंगाला राहू दे," एवढेच ते सांगत आणि तेथेच बाजूला बसत.

तो तारा ध्रुव असे. मुलाच्या तळहाताखाली दांडा थरथरत राही. इकडे थोडा दाब द्यावा, तर एवढे मोठे गलबत तिकडे वळे. मागे वळून पाहावे, तर सुकाणूने कापलेले पाणी निळसर चमकताना दिसे. समुद्रात अतिसूक्ष्म जीव असतात. पाणी ढवळले की ते प्रकाशतात. मुलाला ते ठाऊक नसे. त्याला एवढेच कळे, की आज आपल्या हाती सर्वांचे प्राण आहेत. पलीकडे निजलेला काका, डोक्याखाली दोराचे वेटोळे घेतलेला वृद्ध खलाशी, घरी वाट पाहणारी आई, या सर्वांचा भार त्या लाकडी दांड्यावर आहे. त्या रात्री त्याला झोप आली तरी तो झोपत नसे. वडील डोळे मिटून पडलेले दिसत. पण शीड थोडे फडफडले, की त्यांचा हात न बोलता दांड्याकडे येई. त्यांना झोप लागलेली नव्हती, हे मुलाला पुष्कळ वर्षांनी, स्वतःच्या मुलाच्या हाती सुकाणू देताना कळे.

गलबतावर कोणाचेही काम लहान नव्हते. वाऱ्याची दिशा बदलली, की ते प्रचंड शीड डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवावे लागे. त्या वेळी दोर ओढावयास सर्व हात लागत. एकाने दोर उशिरा सोडला, तर शीड उलटे भरे आणि नौका कलंडण्याचा धोका निर्माण होई. येथे धाकट्याने थोरल्याला किंवा नोकराने धन्याला 'माझे काम झाले' असे म्हणून चालत नसे. नौका तरली तर सर्वांची, आणि बुडाली तरी सर्वांची.

कोजागरी गेली, दिवाळी गेली, थंडीचे दिवस गेले, की आंब्यांचा हंगाम येई. आंब्याच्या करंड्यांनी लादलेले गलबत मुंबईस पोहोचले, म्हणजे चार पैसे अधिक मिळत. हाच काळ मोहाचा होता. वैशाख संपत येई, नैर्ऋत्येकडे ढग दिसू लागत आणि वारा नसतानाही दूरवरून लांबच लांब लाटा येऊ लागत. अनुभवी माणूस ओळखे, की दूर कोठे तरी समुद्र खवळला आहे आणि पावसाळा आता दूर नाही. पण बंदरात माल पडून असे, व्यापारी अधिक भाडे देऊ करी आणि तरुण भाऊ म्हणत, "एकच खेप आणखी करू!"

त्या 'एकच खेपे'ने कित्येक घरे उजाड केली होती. म्हणून जुन्या तांडेलांचा नियम कडक असे. पाऊस येण्यापूर्वी गलबत किनाऱ्यावर ओढावयाचे, शीड उतरवावयाचे, नौकेवर झापांचे छप्पर घालावयाचे आणि नारळीपौर्णिमेपर्यंत समुद्राला हात जोडून राहावयाचे. मुलगा विचारी, "आज तर समुद्र शांत आहे. मग आपण का जात नाही?" वडील उत्तर देत, "समुद्र शांत आहे, तोवरच परत यावयाचे असते." पैसे गमावण्याचे धैर्य हेही एक धैर्यच आहे, आणि ते वादळात शिरण्याच्या धैर्याहून कमी नाही, हा धडा मुलाला त्या दिवशी मिळे.

हा नियम केवळ शिडाच्या नौकांसाठी होता, असे नाही. १७ जुलै १९४७ रोजी, भर पावसाळ्यात, 'रामदास' नावाची आगबोट मुंबईहून रेवसकडे निघाली. वाटेत वादळी लाटांत सापडून ती उलटली आणि सहाशेहून अधिक प्रवासी प्राणांस मुकले. वाफेचे यंत्र असले म्हणून समुद्र आपला स्वभाव बदलीत नाही, हे त्या दिवशी सर्व महाराष्ट्राला कळले. आजही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना जून आणि जुलै या महिन्यांत मासेमारी करण्यास बंदी असते. माशांची पैदास व्हावी हे त्या बंदीचे एक कारण आहे. माणसांचे प्राण वाचावेत हे दुसरे.

ज्या वाऱ्यामुळे कोकणातील गलबत किनाऱ्यावर येई, त्याच वाऱ्याची हिंगोलीचा शेतकरी डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत असतो. जूनच्या सातव्या-आठव्या दिवशी मृग नक्षत्र लागते. नैर्ऋत्य मोसमी वारा कोकण ओलांडतो, सह्याद्री चढतो आणि पुढे मराठवाड्यावर येतो. ज्या आठवड्यात तांडेल शीड घडी करून माळ्यावर ठेवतो, त्याच्याच मागेपुढे शेतकरी पेरणीची तिफण बाहेर काढतो. एकाचे काम संपते तेथे दुसऱ्याचे सुरू होते. पावसाळ्याचे दोन-अडीच महिने खलाशाची मुले घरात बसून जाळी विणीत, दोर वळीत आणि फाटलेले शीड शिवण्यास हातभार लावीत. त्याच वेळी इकडची मुले शेतात निंदणी करीत आणि बैलांमागे धावत. श्रावणातील पौर्णिमेला तिकडे समुद्राला नारळ अर्पण होई. त्यानंतर पंधरा दिवसांनी, श्रावणी अमावास्येला, इकडे पोळा होई आणि बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा वाजू लागत. वर्षभर आपल्यासाठी राबणाऱ्याचे उपकार स्मरावयाचे, हीच दोन्ही सणांतील भावना होती.

पुढे काळ बदलला. लाकडी नौकांवर इंजिने बसली आणि शीड हळूहळू उतरले. सडका झाल्या, मालमोटारी आल्या. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. जेथे पोहोचण्यास गलबताला वाऱ्याच्या मर्जीप्रमाणे कित्येक दिवस लागत, तेथे माणसे काही तासांत जाऊ लागली. हे चांगलेच झाले; कारण जुन्या प्रवासात कष्ट होते आणि संकटेही होती. वाऱ्यावाचून अडकून पडलेल्या गलबतात आजारी माणसाचे काय होत असेल, याची कल्पना केली तरी पुरे. परंतु त्या नौकांबरोबर एक प्रकारचे शिक्षणही गेले. आता फळ्यांचे सांधे भरणारे कारागीर थोडे उरले आहेत आणि तिथीची पाऊणपट करून भरती सांगणारी मुलेही थोडी.

तरी सर्वच गेले, असे मात्र नाही. मराठवाड्यातच, समुद्रापासून दूर डोंगराच्या कुशीत, अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील भिंतीवर सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी कोणा चित्रकाराने शिडांच्या जहाजाचे चित्र काढून ठेवले. त्या चित्रावरून अलीकडे गोव्यात एक जहाज बांधण्यात आले. केरळातील कुशल कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली त्याच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवण्यात आल्या. त्याला इंजिन नाही, शिडे आहेत. 'कौंडिण्य' असे नाव देऊन ते २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल करण्यात आले. २०२५ च्या डिसेंबरअखेर ते पोरबंदरहून मस्कतकडे निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये केवळ वाऱ्याच्या बळावर तेथे पोहोचले. समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसांनीच समुद्राची ही आठवण भिंतीवर जपून ठेवली होती, हे मराठवाड्यातील मुलांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हिंगोलीजवळून वाहणारी कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला मिळते, आणि ते पाणी पुढे प्राणहितेतून गोदावरीत जाऊन अखेर बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्रावरून आलेला पाऊस अशा रीतीने पुन्हा समुद्राकडे परत जातो. त्या पावसाच्या वाटेवर एका टोकाला खलाशाचे घर आहे आणि मध्ये कोठे तरी शेतकऱ्याचे. दोघांच्याही दारात नांगर आहे. एक भुई उघडतो, दुसरा भुईला घट्ट धरतो. ज्याला केव्हा चालावे हे कळते आणि केव्हा थांबावे हेही कळते, त्याच्या हाती दोन्ही नांगर शोभतात.

अभ्यास

शब्दार्थ : तांडेल – नौकेचा प्रमुख. सुकाणू – नौकेला दिशा देणारे साधन. डोलकाठी – शीड उभारण्याचा उंच खांब. उधाण – अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती. झाप – नारळाच्या झावळ्यांचे विणलेले छप्पर. तिफण – पेरणीचे अवजार.

प्रश्न :
१. 'नांगर' या शब्दाचे दोन अर्थ कोणते? ते कोणत्या भाषांतून आले?
२. खारा वारा व मतलई वारा यांचा गलबताला कसा उपयोग होई?
३. षष्ठीच्या दिवशी भरती सुमारे किती वाजता पूर्ण होईल? गणित करून दाखवा.
४. मुलाच्या हाती सुकाणू दिल्यावर वडील झोपत नसत. का, ते तुमच्या शब्दांत सांगा.
५. 'पैसे गमावण्याचे धैर्य हेही एक धैर्यच आहे.' हे वाक्य कोणत्या प्रसंगी आले आहे?

वाक्यांत उपयोग करा : तडीस नेणे, हाती सुकाणू असणे, डोळ्यांत प्राण आणून वाट पाहणे, दाद लागू न देणे.

उपक्रम : घरातील वडील माणसांना त्यांच्या लहानपणी पेरणीची वेळ कशी ओळखत, हे विचारा आणि ते दहा ओळींत लिहा.